फ्लोरेन्सचं नाव विचारायला डोरोथिया लँगला किती वेळ लागला असता?

रेवा :
गेले पंधरा दिवस एकच फोटो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. विटक्या कपड्यांतली एक बाई, एका हाताची बोटं गालाला टेकलेली, कपाळावर आठ्या, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. दोन्ही बाजूंना तिच्या खांद्यावर डोकं टेकवून दोन मुलं, दोघांचीही तोंडं फिरवलेली. मांडीवर तान्हं. अमेरिकेतल्या महामंदीचा चेहरा म्हणून शाळेच्या पुस्तकांपासून टपाल तिकिटापर्यंत सगळीकडे तो छापला गेलाय. 'मायग्रंट मदर' हे नाव त्याला नंतर चिकटलं.

फोटो डोरोथिया लँगचा, मार्च १९३६ मधला. कॅलिफोर्नियात निपोमो नावाचं गाव आहे, तिथे मटार तोडणाऱ्या मजुरांचा तळ होता. गारठ्याने पीक गेलेलं, काम नाही, आणि अडीच हजारांच्या आसपास माणसं पालांमध्ये अडकलेली. लँग सरकारी नोकरीत होती. ग्रामीण भागातली गरिबी टिपण्यासाठी महिनाभर फिरून ती एकटी घरी निघाली होती. पाऊस पडत होता. तळाची पाटी तिने पाहिली आणि तशीच पुढे गेली. वीस मैल गेल्यावर मन राहिना, म्हणून गाडी वळवली. पुढचं तिने स्वतः १९६० मध्ये एका लेखात लिहिलंय: त्या बाईला मी नाव विचारलं नाही, तिची हकिकतही विचारली नाही. तिने वय सांगितलं, बत्तीस.

दहा मिनिटांत काम उरकून लँग निघून गेली. त्या बाईचं नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तेव्हा ती मोडेस्टोमध्ये राहत होती. एका स्थानिक वार्ताहराने तिला शोधून काढलं, आणि तिने जे सांगितलं त्यात आनंद कुठेच नव्हता. तिने माझा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. मला त्यातून एक पेनी मिळाली नाही. तिने नाव विचारलं नाही. फोटो विकणार नाही म्हणाली होती. प्रत पाठवते म्हणाली, ती कधी आली नाही.

लँग मोठी छायाचित्रकार होती यावर माझं दुमत नाही. पण ज्या बाईच्या चेहऱ्यावर तिचं निम्मं नाव उभं आहे, तिला तिने एक साधा प्रश्न विचारला नाही. ही चूक आहे, आणि ती लहान नाही, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

अरविंद_डार्करूम :
रेवाताई, धागा चांगला आहे, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूने बोलणार. पस्तीस वर्षं एका दैनिकात फोटो काढण्यात गेली, त्यामुळे राहवत नाही.

पहिली गोष्ट पैशांची. लँगला त्या फोटोचे पैसे मिळाले नाहीत. ती पगारी नोकर होती, निगेटिव्ह सरकारची. आजही ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि कोणीही तो फोटो फुकट उतरवून घेऊ शकतो. कॉपीराइट नाही, म्हणून तर तो एवढा पसरला. फ्लोरेन्सबाईंचा राग मला समजतो, पण पैसे केले ते दुसऱ्यांनी.

दुसरी गोष्ट परिणामाची. लँगने घरी पोचल्यावर काही प्रिंट 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'च्या संपादकाकडे नेऊन दिल्या. १० मार्चला बातमी आली आणि सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवलं. म्हणजे नऊ हजार किलो. दहा मिनिटांच्या कामाचं एवढं फळ आमच्या धंद्यात फार थोड्यांना मिळतं.

आणि नाव न लिहिणं ही त्या अख्ख्या खात्याची पद्धत होती. फोटोओळ काय होती बघा: मटार तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस, निपोमो, कॅलिफोर्निया. एका बाईची कैफियत मांडायची नव्हती. अडीच हजार माणसांची अवस्था वॉशिंग्टनला दाखवायची होती. नाव घातलं की वाचणारा म्हणतो, बिचारी अमुक-तमुक. नाव नसलं की म्हणतो, आपल्या देशात हे असं चाललंय?

मीनल_जी :
अन्न आलं, पण कोणासाठी? फ्लोरेन्सचं कुटुंब तोवर वॉटसनव्हिलच्या वाटेला लागलं होतं. तिच्या वाट्याला त्यातला घासही आला नाही.

आणि तपशीलही चुकलेत. लँगने त्या लेखात लिहिलंय की पोटासाठी त्या बाईने नुकतेच गाडीचे टायर विकले होते. तिच्या मुलाने, ट्रॉयने, पुढे स्पष्ट सांगितलं की टायर विकलेच नव्हते. होते ते गाडीला होते आणि त्यांवरच ते तिथून निघाले. गाडी बिघडली म्हणून ते थांबले होते, दुरुस्तीसाठी पुरुषमाणूस आणि मोठी मुलं गावात गेलेली. लँग खोटं बोलली असं ट्रॉयही म्हणत नाही. तिने एकाची गोष्ट दुसऱ्याला जोडली असावी, एवढंच तो म्हणतो. पण नाव विचारलं असतं, दोन वाक्यं जास्त बोलली असती, तर ही गफलत झाली असती का?

अरविंद_डार्करूम :
मीनलताई, चोवीस वर्षांनी आठवून लिहिलेला लेख आहे तो. महिनाभरात शंभर तळ पाहिलेल्या माणसाच्या आठवणीत सरमिसळ होणारच. माझ्याही होते.

रेवा :
काका, सरमिसळ होते हे मान्य. मग वहीत लिहून ठेवायचं ना. आणि ती लिहीत होती! बर्कलीतले अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर हे तिचे नवरे. दोघं बरोबर फिरायचे, ते मजुरांशी बोलायचे, ती फोटो काढता काढता कान देऊन ऐकायची आणि गाडीत येऊन माणसाचे शब्द जसेच्या तसे उतरवायची. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात लोकांची बोलणी फोटोंइतकीच महत्त्वाची आहेत. म्हणजे ऐकायचं कसं हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणूनच त्या एका दिवशी ती का थांबली नाही, हे मला सलतं.

ओकलंडकर :
मी इथे सॅन फ्रान्सिस्को बे एरियात बावीस वर्षं आहे. लँगचा खासगी संग्रह टेलर यांनी ओकलंड म्युझियमला दिला, तो निवांत पाहायची संधी मला मिळाली आहे. थोडं तिच्याबद्दल सांगतो, कारण इथे ती नुसती 'फोटो काढून पळालेली बाई' होत चालली आहे आणि ते मला पटत नाही.

जन्म १८९५, न्यू जर्सीतलं होबोकन. सातव्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय कायमचा अधू. बाराव्या वर्षी वडील घर सोडून गेले. १९१८ मध्ये मैत्रिणीबरोबर जग बघायला म्हणून निघाली, सॅन फ्रान्सिस्कोत पैसे चोरीला गेले आणि प्रवास तिथेच संपला. मग तिथेच नोकरी धरली आणि वर्षभरात स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. श्रीमंत घरांतली मंडळी यायची, धंदा उत्तम चालला होता. मग मंदी आली. स्टुडिओच्या खिडकीतून खाली बेकार माणसं दिसायची. १९३३ मध्ये ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. फुकट जेवणाच्या रांगेतला तो म्हातारा तेव्हाचा: सगळी गर्दी पाठमोरी, हा एकटा इकडे वळून कठड्याला रेललेला, चुरगळलेली हॅट डोळ्यांवर, हातांची मिठी, मधे पत्र्याचा डबा. चांगलं चालणारं दुकान सोडून रस्त्यावर उतरायला हिंमत लागते.

त्या पायाबद्दल ती म्हणायची की आयुष्यात घडलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच असावी. त्यानेच मला घडवलं, शिकवलं, मदत केली आणि लाज आणली. अनोळखी वस्तीत ती लंगडत, सावकाश चालत जायची. लपवाछपवी नाही. मुलं भोवती जमली की त्यांना कॅमेऱ्याला हात लावू द्यायची. कुणाकडे प्यायला पाणी मागायची आणि पेला संपवायला मुद्दाम वेळ लावायची. तोवर समोरचा सैल झालेला असायचा. हातात मोठा ग्राफ्लेक्स कॅमेरा. तो चोरून वापरताच येत नाही. फ्लोरेन्सला ती दिसत होती, आणि तिने नको म्हटलं नाही.

दत्ता_बीडकर :
नको म्हटलं नाही म्हणजे हो म्हटलं असं होत नाही, ओकलंडकर साहेब. पोटात अन्न नाही, पालात सात लेकरं, समोर चांगल्या कपड्यातली सरकारी बाई. नको म्हणायची ताकद असते का त्या वेळी?

माझ्या आजीचा एक फोटो आहे. बहात्तरच्या दुष्काळातला. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची ती. वर्तमानपत्रातलं कात्रण घरच्या पत्र्याच्या पेटीत होतं, पिवळं पडलेलं. आजी खाली बसलेली, हातोडी वर उचललेली, डोक्यावरचा पदर मागं सरकलेला. खाली ओळ: दुष्काळी कामावर खडी फोडताना महिला. एवढंच.

आजी सांगायची, फोटोवाला आला, म्हणाला वर बघू नका, काम चालू ठेवा. गेला. आठ दिवसांनी कोणीतरी पेपर घेऊन आलं आणि घरात भांडण. पदर पडलेला फोटो गावभर झाला म्हणून सासरे तिला बोलले. हा फोटो छापून येणार, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले त्याचं तिला एवढं वाईट वाटत नव्हतं, जेवढं त्या पदराचं वाटायचं. मस्टरवर तिचा अंगठा घ्यायचे, तिथं तरी नाव लिहिलेलं असायचं.

अरविंद_डार्करूम :
दत्ताभाऊ, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ.

पण तुमच्याच गोष्टीतून माझा मुद्दा निघतो, राग मानू नका. फ्लोरेन्सची मुलगी कॅथरीन, फोटोत खांद्याशी टेकलेली, तेव्हा चार वर्षांची. ती पुढे म्हणाली होती की आम्हाला त्या फोटोची लाज वाटायची, आपण कोण हे कोणाला कळू नये असं वाटायचं. मग सांगा, नाव छापलं असतं तर काय झालं असतं? पुढच्या प्रत्येक शाळेत 'ती भुकेली पोरं हीच' म्हणून बोटं दाखवली गेली असती. लँगने नाव घेतलं नाही म्हणून ती चाळीस वर्षं झाकलेली राहिली. तुमच्या आजीचं नाव ओळीत असतं तर सासऱ्यांचा राग कमी झाला असता का वाढला असता?

मीनल_जी :
हा मुद्दा जोरदार आहे. मला यावर विचार करावा लागेल.

रेवा :
मला नाही करावा लागत. काका, नाव विचारणं आणि नाव छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्या एकच धरताय.

छापू नका. खुशाल 'सात मुलांची आई' लिहा. पण वहीत नाव-पत्ता असता तर प्रत पाठवता आली असती. १९४१ मध्ये, १९५० मध्ये, कधीही शोधता आलं असतं. फोटो कुठल्या कुठे गेलाय हे त्या बाईला कोणीतरी सांगितलं असतं. तिला ते कसं कळलं? १९५८ मध्ये छायाचित्रणाच्या एका मासिकात तिला स्वतःचाच चेहरा दिसला. तिने त्यांना पत्र लिहिलं, मला विचारलं नाही, उरलेले अंक मागे घ्या म्हणून. आपलाच चेहरा आपल्याला अनोळखी माणसासारखा बाजारात भेटतो. दत्ताभाऊंच्या आजीचंही तेच दुखणं आहे. घरात पेपर येईपर्यंत तिला पत्ताच नव्हता.

आणि नाव विचारलं असतं तर आणखी एक गोष्ट कळली असती. फ्लोरेन्स चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची होती, ओक्लाहोमात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत जन्मलेली. सगळा देश तिच्याकडे धुळीच्या वादळांनी उठवलेल्या गोऱ्या शेतकऱ्याची बायको म्हणून बघत राहिला. प्रत्यक्षात ती कितीतरी आधी कॅलिफोर्नियात आली होती. नवरा १९३१ मध्ये क्षयाने गेला, तेव्हा पोटात सहावं मूल. तेव्हापासून ती शेतं आणि पालं करत फिरत होती. हे सगळं त्या फोटोओळीत मावलं नसतं, बरोबर. पण खात्याच्या कागदात मावलं असतं.

अंगठा_आणि_खांब :
नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. त्या फोटोतल्या अंगठ्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात पालाचा खांब आहे आणि त्याला धरलेल्या हाताचा अंगठा पुढे येतो. साफ दिसतो, आडवा, चेहऱ्यापेक्षा उजळ. लँगला तो खुपायचा. तीन-एक वर्षांनी तिने तो निगेटिव्हवरून काढायला लावला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मोठी फाइल उघडून त्या कोपऱ्यावर जा. अंगठ्याच्या जागी धुरकट डाग दिसतो. बोट गेलंय, पण त्याची सावली राहिलीय. तिचे साहेब रॉय स्ट्रायकर यावर चिडले होते, आणि माझ्या मते बरोबर चिडले होते.

कारण याच लँगने आपल्या डार्करूमच्या दारावर तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनचं वचन लावलं होतं. जे जसं आहे ते तसंच, चूक न करता, गोंधळ न करता, काही बदलून न टाकता पाहणं हे सगळ्या कल्पित पिकापेक्षा उदात्त, अशा अर्थाचं. त्या दारातून रोज आत जायचं आणि आत जाऊन एका बाईचा अंगठा पुसायचा. हे मला जमत नाही पचवायला. नाव नाही घेतलं, ते घाईत राहिलं म्हणू. अंगठा घाईत पुसला जात नाही.

अरविंद_डार्करूम :
इथे मी धंद्याचं बोलतो. मी आयुष्यभर रीटचिंग केलंय. शिशाची पेन्सिल, ब्लेड, स्पॉटिंगचा ब्रश, सगळं. कोपऱ्यात उजळ काहीतरी असलं की नजर आधी तिथे जाते आणि मग चेहऱ्याकडे यायला वेळ लागतो. त्या काळी निगेटिव्हवरचा डाग, तार, भटकं बोट काढणं हे रोजचं काम होतं, कोणी त्याला खोटेपणा म्हणत नव्हतं. अंगठा गेल्याने त्या बाईच्या गरिबीत काही फरक पडला का? भूक कमी-जास्त झाली का?

आणि खरं सांगायचं तर रचना ही त्याआधीच झालेली असते. लँगने पाच वेळा शटर दाबल्याचं लिहिलं, निगेटिव्ह किमान सहा निघाल्या. सुरुवातीच्या चौकटीत सगळं पाल दिसतं आणि एक मोठी मुलगीही आहे. पुढे पुढे जात लँग जवळ येते, मोठी मुलगी चौकटीबाहेर जाते, धाकट्या दोघी तोंड फिरवतात. शेवटच्या फ्रेममध्ये फक्त आई आणि तीन लेकरं. हे सगळं निवडणं आहे. निवडल्याशिवाय फोटो होतच नाही. मोठ्या मुलीला वगळलं ते चालतं आणि अंगठ्याचं चालत नाही, हे कसं?

अंगठा_आणि_खांब :
काका, कॅमेरा कुठे धरायचा हे ठरवणं वेगळं. मोठी मुलगी वगळली तरी ती दुसऱ्या निगेटिव्हमध्ये आहे, कोणीही पाहू शकतं. अंगठा त्या निगेटिव्हमधून कायमचा खरवडला. आणि निगेटिव्ह तिची नव्हती, तुम्हीच वर म्हणालात, सरकारची होती. म्हणजे लोकांची.

अरविंद_डार्करूम :
हे मात्र खरं. प्रिंटवर करायला हवं होतं. निगेटिव्हला ब्लेड लावायला नको होतं. इतपत मान्य.

स्नेहल_पुणे :
मी दुसरंच विचारते. लँग मुलांच्या आईचे फोटो काढत फिरत होती तेव्हा तिची स्वतःची दोन मुलं कुठे होती? पहिल्या लग्नाची तिची दोन मुलं, टेलरांची तीन. कामावर जाताना ही मुलं लोकांकडे पैसे देऊन ठेवलेली असायची. मोठ्या मुलाच्या मनात त्याची अढी अनेक वर्षं होती. आईपणाचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र काढणाऱ्या बाईबद्दल हे कळल्यावर मला तो फोटो पहिल्यासारखा पाहता येत नाही.

मीनल_जी :
स्नेहल, लँगवर मी वर टीका केलीय, पण इथे मी तिच्या बाजूने उभी आहे. छायाचित्रकार आन्सेल अ‍ॅडम्स महिनोन्‌महिने डोंगरात असायचा. त्याची मुलंबाळं कोण सांभाळतंय हे कोणी कधी विचारलं? मुलांना त्रास झाला हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण तो त्या घराचा हिशेब आहे. पहिला नवरा चित्रकार मेनार्ड डिक्सन, तोही रेखाटनं करायला महिने-महिने वाळवंटात जायचा. त्याच्या चित्रांपुढे उभं राहून कोणी 'याची मुलं कुठे होती' म्हणत नाही.

स्नेहल_पुणे :
ठीक. बाईलाच हा प्रश्न विचारला जातो हे बरोबर आहे. तरी मुलाच्या बाजूने मी बोलणारच.

ओकलंडकर :
मूळ विषयावर येतो. रेवाताई, तुम्ही म्हणता तिने नाव विचारलं नाही. १९३६ च्या त्या दिवसापुरतं मान्य. पण माणूस एका दिवसावर तोलायचा का? १९४२ बघा.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टने हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखावर जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत नेलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक. हे सगळं किती नीट चाललंय हे दाखवायला सरकारने फोटोग्राफर नेमले, त्यात लँग होती. तिला हे सगळं भयंकर वाटत होतं तरी तिने काम घेतलं, कोणीतरी खरं टिपलं पाहिजे म्हणून. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, बंदूकधारी शिपाई यांचे फोटो काढायला तिला बंदी होती. तर तिने काय टिपलं? ओकलंडमधलं दुकान, वर मोठ्या अक्षरांत पाटी 'मी अमेरिकन आहे', जी मालकाने पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी लावली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणणाऱ्या चिमुरड्या पोरी. सॅन ब्रुनोतल्या टॅनफोरान रेसकोर्सवरचे घोड्यांचे तबेले, ज्यांत कुटुंबं ठेवली होती. लष्कराने ते फोटो पाहिले आणि दाबून टाकले. काहींवर 'जप्त' असं लिहिलेलं आहे. लोकांना ते एकत्र बघायला मिळाले ते तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

आता नावाचं. ८ मे १९४२, हेवर्ड. मोचिदा कुटुंब बसची वाट बघत उभं आहे. सामान शेजारी, प्रत्येकाच्या कोटाला कागदी चिठ्ठी बांधलेली, अगदी लहान्या पोरीच्यासुद्धा. फोटोओळीत आडनाव आहे. आणि पुढे काय आहे माहितीये? मोचिदांची दोन एकरांची नर्सरी होती, पाच ग्रीनहाउस, तिथे ते स्नॅपड्रॅगन आणि स्वीट पीची फुलं पिकवायचे. सरकारला हवी होती ती माहिती चिठ्ठ्यांची. फुलांची माहिती कोणीतरी थांबून, विचारून घेतली आहे. निपोमोत नाव न विचारणाऱ्या बाईनेच हा फोटो काढलाय.

सॅन ब्रुनोला ट्रेनच्या स्टेशनाबाहेर २०२२ मध्ये स्मारक झालं. त्यात मोचिदांच्या दोन मुलींचा ब्रॉन्झचा पुतळा आहे, लँगच्या त्या फोटोवरून केलेला. मी ऑफिसला जाता-येता तो पाहतो. चिठ्ठ्यासुद्धा केल्यात ब्रॉन्झच्या.

रेवा :
ओकलंडकर, हे मला माहीत नव्हतं. फुलांचं वाचून अंगावर काटा आला.

पण माझा मुद्दा यामुळे सुटत नाही, उलट घट्ट होतो. ज्या बाईला स्वीट पी लिहून ठेवावंसं वाटलं, तिला कळत होतं की माणूस त्याच्या नावानिशी, धंद्यानिशी उभा करायचा असतो. कदाचित निपोमोनंतर शिकली असेल. तसं असेल तर मला बरंच वाटेल. तरी फ्लोरेन्सचं देणं राहतंच.

अरविंद_डार्करूम :
फ्लोरेन्स बोलली १९७८ मध्ये. लँग १९६५ मध्येच कर्करोगाने गेली होती. शेवटच्या वर्षात आजारी असताना न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममधल्या प्रदर्शनासाठी फोटो निवडत होती, ते भरलं १९६६ मध्ये, ती गेल्यावर. तिला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. एकतर्फी खटला चालू आहे हा. आणि शेवटी त्याच फोटोने फ्लोरेन्सला हातही दिला, हे कोणी सांगितलं नाही. १९८३ मध्ये ती आजारी पडली, उपचाराला पैसे नव्हते, मुलांनी आवाहन केलं. देशभरातून सुमारे ३५ हजार डॉलर आले, पत्रांतून, छोट्या छोट्या रकमांनी. ट्रॉय तेव्हा म्हणाला की आम्हाला तो फोटो शापासारखा वाटत आला होता, ही पत्रं आल्यावर पहिल्यांदा अभिमान वाटला.

मीनल_जी :
आणि १९९८ मध्ये लँगच्या हस्ताक्षरातल्या टिपणांसह असलेली एक प्रिंट लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना गेली. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, काका.

अरविंद_डार्करूम :
बघितले. त्यातली पेनीही लँगला मिळाली नाही हे पुन्हा सांगतो. पण हो, शेजारी ठेवले की बरं दिसत नाही.

दत्ता_बीडकर :
ट्रॉयचं ते शापाचं आणि अभिमानाचं वाचलं. आमच्या आजीचंही तसंच होतं. सासरे बोलले, रडली, पण कात्रण फाडलं नाही. पेटीत जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवलं होतं. मी दहावीला असताना एकदा काढून दाखवलं मला. म्हणाली, ही मी. मग बोट ठेवून शेजारच्या तिघींची नावं सांगितली. कोणाची कोण, कुठं दिलेली, कोण वारली. फोटोत त्यांची नुसती पाठ दिसते. मी तेव्हा लिहून घेतलं नाही. आता आजी नाही. दोन नावं आठवतात, तिसरं आठवत नाही.

तो फोटो काढला त्याला मी वाईट म्हणत नाही. तो नसता तर आजी तरुणपणी कशी दिसायची हे आम्हाला कळलंच नसतं, घरात दुसरा फोटोच नाही. फक्त त्यानं विचारायला पाहिजे होतं.

अरविंद_डार्करूम :
दत्ताभाऊ, काल रात्री तुमचं वाचून मी माळ्यावरचे खोके काढले. निगेटिव्हची पाकिटं आहेत, प्रत्येकावर माझ्या अक्षरात तारीख, गाव, विषय. 'पाणीटंचाई.' 'गारपीट.' 'चारा छावणी.' 'टँकर.' मंत्र्यांच्या दौऱ्याच्या पाकिटावर सगळी नावं आहेत, डावीकडून उजवीकडे. टँकरच्या पाकिटावर एकही नाही. साठ-सत्तर पाकिटं पाहिली.

लँगबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. त्या पावसात वीस मैल मागे वळून येणाऱ्या बाईला मी चोर म्हणू देणार नाही. पण रेवाताई, विचारणं आणि छापणं वेगळं, हे तुमचं वाक्य खोक्यापाशी बसून आठवत होतं.

दत्ता_बीडकर :
काका, तुमच्याकडं बहात्तरचं काही असेल का?

अरविंद_डार्करूम :
मी नोकरीला लागलो एक्याऐंशीला. माझ्या आधी जे होते त्यांची पाकिटं आमच्या जुन्या इमारतीतल्या कपाटात होती, ती आता कुठे आहेत ते तिथल्या एकाला विचारून बघतो. खात्री देत नाही. तलावाचं नाव, तालुका आणि कात्रणावर तारीख असेल तर ती मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

दत्ता_बीडकर :
पाठवलं. तारीख फाटलीय, पण मागच्या बाजूला बाजारभाव छापलेत, त्यावरून महिना लागेल. आजीचं नाव लिहिलंय. आठवतात ती दोन्हीही लिहिलीत.